सिकलसेल दिनाचा फ्लेक्स आणि आमचे गुरुजी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात २० जूनला जागतिक सिकलसेल दिनाच्या कार्यक्रमाची बातमी फोटोसह आली. फोटोत पाहुणे समई लावत आहेत आणि त्यांच्या मागे निळा फ्लेक्स आहे. तो माझ्या दुकानातला. दहा बाय आठचा, चारही कोपऱ्यांना आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या कड्या, मारून दिलेला. दरवर्षी मीच छापतो. पाहुण्यांची नावं आणि साल बदलायचं, बाकी फाइल तीच. किती जणांचं रक्त तपासलं, कोण काय बोललं, हे सगळं बातमीत आहे. पण त्या फाइलमधला मजकूर ज्याने पहिल्यांदा तपासून दिला तो माझा मित्र सिकलसेल या रक्ताच्या आजारानेच गेला, जानेवारी २०२४ मध्ये, अठ्ठावीस वर्षांचा असताना. त्याच्यासारख्यांबद्दल बातमीत एक ओळ नव्हती. भाषणांतही नव्हती, मी मागे खुर्चीवर बसून ऐकली आहेत.

त्याचं नाव लिहीत नाही. त्याच्या धाकट्या बहिणीच्या सोयरिकीचं बोलणं चालू आहे, आणि या आजाराचं नाव घराला चिकटलं की काय होतं ते मी पाहिलंय. दुकानात सगळे त्याला गुरुजी म्हणत. इथेही तेच चालेल.

गुरुजी कधी शाळेत शिकवायला नव्हते. मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, माझ्या दुकानात काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसून असायचा. वडसा म्हणजे झाडीपट्टी नाटकांचं गाव, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. दिवाळी झाली की नाटक मंडळ्यांची कार्यालयं जागी होतात, गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्रभर नाटक चालतं. पोस्टर, बॅनर, पत्रिका, सगळं आमच्यासारख्या दुकानांत छापलं जातं, तेही घाईत. त्या घाईत गुरुजी लाल पेन घेऊन प्रूफ बघायचे. पैसे घ्यायचे नाहीत, चहा घ्यायचे. त्यांचा सर्वांत मोठा वैरी एकच शब्द होता, श्रद्धांजली. आमच्या धंद्यात लग्नाच्या खालोखाल हाच माल जातो, आणि दहापैकी आठ ठिकाणी तो ‘श्रध्दांजली’ असा छापलेला असतो. गुरुजी चिडायचे. “अबे, द अर्धा आहे आन् ध पुरा. मेलेल्या मानसाले तरी शुद्ध निरोप देशील का नाही?” शुद्ध म्हणतानाही तो द ला जोर द्यायचा.

(फ्लेक्समुळे गावं विद्रूप होतात, असं आपण अग्रलेखात लिहिलं होतं. त्यावर माझं म्हणणं आहे, पण ते पुन्हा कधी.)

आमची ओळख चौथीतली. धानाच्या रोवणीच्या दिवसांत सगळी पोरं चिखलात असायची, हा बांधावर पोट धरून बसायचा. लोक कामचोर म्हणायचे. डोळे पिवळे म्हणून कावीळ समजून दोन-तीन वर्षं झाडपाल्याचं औषध दिलं गेलं, आंघोळीला चुन्याचं पाणी झालं, गळ्यात माळ झाली. सातवीत असताना शाळेत तपासणीवाले आले. आधी सोल्युबिलिटी टेस्ट ही साधी चाचणी झाली, मग पक्क्या निदानासाठी इलेक्ट्रोफोरेसिसला रक्त गेलं आणि निकाल आला एसएस पॅटर्न, म्हणजे आजाराचा दोष आई आणि वडील दोघांकडून आलेला. आई-वडील दोघंही एएस निघाले, म्हणजे वाहक, एकाच बाजूचा दोष असलेले. त्यांना आयुष्यात कधी काही झालं नव्हतं. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. “चार पोरं झाली तं एक आजारी, असा हिशेब नाही तो,” गुरुजी समजावायचे, “दर खेपेले चिठ्ठी नव्यानं उचलाची.” त्याच्या घरी दोन चिठ्ठ्या उचलल्या गेल्या, पहिलीच ती निघाली.

हा आजार काय आहे, हे मला डॉक्टरने नाही, त्यानेच समजावलं. भिंतीवर अडकवलेला धान कापायचा विळा दाखवून. रक्तातली तांबडी पेशी गोल आणि मऊ असते, कुठल्याही बारीक नळीतून वाकून निघून जाते. याच्या शरीरात ऑक्सिजन कमी पडला की ती विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि अडकते. मागच्या पेशी तिच्यावर येऊन अडकतात. पुढे रक्त जात नाही, आणि जिथे जात नाही तिथलं हाड, छाती, पोट, जे असेल ते दुखायला लागतं. चांगली पेशी १२० दिवस जगते, याची दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे कायम पिवळे. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, अंगमेहनत, यातलं काहीही निमित्त पुरतं. त्या दुखण्याला आमच्याकडे पेशंटपासून आशाताईंपर्यंत सगळे ‘क्रायसिस’ म्हणतात. गुरुजींसारखा मराठीचा आग्रही माणूससुद्धा त्याला मराठी शब्द शोधायच्या भानगडीत पडला नाही.

मोबाइलवर त्याने या आजाराचा सगळा इतिहास वाचला होता. शिकागोच्या डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. तो रुग्ण ग्रेनाडा बेटावरचा, दातांचा डॉक्टर व्हायला अमेरिकेत गेलेला पोरगा होता. शिकून परत आपल्या बेटावर गेला, दवाखाना चालवला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने वारला. “शिकून गावी परत गेला पाय गा,” गुरुजी म्हणायचे. त्यांना त्या पोराचं कौतुक होतं.

त्याच्या खिशात एक लॅमिनेट केलेलं कार्ड असायचं. मीच करून दिलेलं, आधार कार्डाएवढं. एका बाजूला: मला सिकलसेल एसएस आहे, रक्तगट, हायड्रॉक्सियुरिया ५०० मिलिग्रॅम रोज, फोलिक अ‍ॅसिड रोज. दुसऱ्या बाजूला: क्रायसिसमध्ये आलो तर कृपया वेदनाशामक लवकर द्या, सलाईन लावा, ऑक्सिजन तपासा, ताप किंवा छातीत दुखत असेल तर भरती करा. हे त्याच्या मनाचं नव्हतं. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना त्याने वाचल्या होत्या. सिकलसेलचा पेशंट दुखणं घेऊन दवाखान्यात आला की अर्ध्या तासाच्या आत त्याला वेदनाशामक मिळालं पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. अर्धा तास. हा आकडा गुरुजींना पाठ होता.

आता मूळ गोष्टीवर येतो.

२०१९ च्या डिसेंबरात रात्री अकराच्या सुमारास त्याला घेऊन मी एका दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत गेलो. कोणत्या, ते सांगत नाही; अनुभव एकाच ठिकाणचा नाही. मांड्या आणि पाठ दुखत होती. तो बाकावर बसून मोबाइलवर झाडीपट्टी नाटकाचे जुने व्हिडिओ बघत होता. दुखणं वाढलं की तो तेच करायचा, एकटक स्क्रीनकडे, ओठ आवळून. लहानपणापासून ओरडून उपयोग नाही हे कळलेला माणूस ओरडत नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी लांबून पाहिलं आणि म्हणाले, “मोबाइल पाहायला जमतंय ना? मग थांब.” दीड तासाने आत घेतलं. गुरुजींनी कार्ड पुढे केलं. डॉक्टरांनी उलटसुलट करून पाहिलं. “तू मला शिकवणार का? पंधरा दिवसांपूर्वी पण आला होता. इंजेक्शनची सवय लागलीय तुला.” शेवटी एक इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं.

हे डॉक्टर वाईट होते असं मला म्हणायचं नाही. त्या रात्री ते एकटे होते, बाहेर सर्पदंशाचा पेशंट होता. आणि त्याच दवाखान्यात एक सिस्टर अशाही होत्या की याला दारात पाहिलं की आधी पाण्याची बाटली हातात द्यायच्या आणि मग केसपेपर विचारायच्या. त्यांची ड्यूटी असेल तर गुरुजी लवकर बरे व्हायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यांची बदली झाली.

खरं सांगायचं तर या पत्रात मला डॉक्टरांपेक्षा माझ्याबद्दलच लिहायचं आहे. त्या रात्री परत येताना गाडीवर, थंडीत, मागे बसलेल्या त्याला मीही विचारलं, “सांग ना बे खरं, लागली का सवय?”

तो काही बोलला नाही. घराजवळ उतरला, गाडीला हात लावून म्हणाला, “जाय, थंडी आहे.” त्यानंतर त्याने मला दुखतंय म्हणून कधी फोन केला नाही. दुकानात यायचा, प्रूफ बघायचा, चहा प्यायचा. पुढे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा गेला आणि तो लंगडायला लागला, तेव्हा विचारलं तर म्हणाला, “पाय मुरगळला.” खुबा बदलावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितल्याचं मला सहा महिन्यांनी त्याच्या आईकडून कळलं. मैत्री तुटली नाही. चार वर्षं रोज भेटत होतो. फक्त दुखणं आमच्या बोलण्यातून काढून टाकलं होतं त्याने, प्रूफमधला चुकीचा शब्द खोडावा तसं.

बाकीचं सगळं बोलायचा, आणि हसवायचा. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केलं, ते आम्ही दुकानात मोबाइलवर पाहिलं. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत आजाराचं उच्चाटन. गुरुजींनी बोटं मोजली. “तवा मी बावन्न वर्षांचा राहीन. निर्मूलन आजाराचं हाय का माझं, विचारून घे.” त्याच डिसेंबरात अमेरिकेत या आजारावरच्या जनुक-उपचाराला मंजुरी मिळाली, किंमत बावीस लाख डॉलर. गुरुजींनी कॅल्क्युलेटर ओढला, रुपये केले, त्याला त्या वर्षीच्या धानाच्या हमीभावाने, २१८३ रुपयांनी, भागलं. “चौऱ्याऐंशी हजार क्विंटल बे. बाबाले सांगतो, औंदा थोडं जास्त रोवा.” त्यांच्या घरी सव्वादोन एकर आहे.

लग्नाचंही तसंच. दोन ठिकाणी बोलणं झालं, दोन्हीकडे याने स्वतःहून पॅटर्न सांगितला. दुसऱ्या मुलीचं रक्त तपासलेलं होतं, नॉर्मल. एसएस आणि नॉर्मल यांची सगळी मुलं वाहक होतात, आजारी एकही होत नाही. त्याने मुलीच्या वडिलांना वहीच्या कागदावर चौकट आखून दाखवलं. ते म्हणाले, “समजलं गुरुजी, पण लोकांले कोण समजावन?” कागद तिथेच टेबलावर राहिला.

नोकरीचं कुणी आजवर लिहिलेलं मी वाचलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये सिकलसेलचं नाव आहे. ते आलं तेव्हा गुरुजींनी पेढे आणले होते. फेऱ्या मारून प्रमाणपत्र काढलं. मग कळलं की त्याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये सरकारी नोकरीच्या चार टक्के आरक्षणाची जी यादी आहे, तिच्यात अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग वगैरे गट आहेत, पण रक्ताचे आजार नाहीत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, तिन्ही नाहीत. कॉलेजच्या प्रवेशाला दिव्यांग, नोकरीला नाही. जो माणूस महिन्यातून चार दिवस खाटेवरून उठू शकत नाही त्याने धडधाकटांच्या रांगेत उभं राहून स्पर्धा परीक्षा द्यायच्या. याने सहा दिल्या. तलाठ्याच्या परीक्षेच्या आदल्या रात्री क्रायसिस आला तरी गेला, आणि अर्धा पेपर सोडवून बाहेर आला.

जानेवारी २०२४ मध्ये धुकं फार होतं. दोन दिवस ताप आणि छातीत दुखणं त्याने अंगावर काढलं. माझं दुकान त्याच्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. त्या दोन्ही दिवशी मी नाटकांच्या पोस्टरमध्ये गुंतलेला होतो आणि तो आला नाही, तर थंडीमुळे आला नसेल असं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच कॅज्युअल्टी गाठली. ईसीजी काढला, तो बरा निघाला, पित्ताची गोळी देऊन परत पाठवलं. कार्ड दाखवलं का, ते मला माहीत नाही. पहाटे चार वाजता त्याच्या आईचा फोन आला, “बापू, ये ना, त्याले दम लागून राहिला.” ऑक्सिजन ८२ होता. तिथून १०८ ने पुढे, मग नागपूर. तिथल्या लोकांनी शर्थ केली, रक्त दिलं, व्हेंटिलेटर लावला. तिसऱ्या दिवशी तो गेला. फाइलवर ‘अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम’ लिहिलं होतं. फुप्फुसात तोच विळा.

मित्राला सुतक नसतं. मडकं भाऊ धरतो, केस पुतणे काढतात, तेरवीच्या पत्रिकेत शोकाकुल म्हणून नातेवाइकांची नावं असतात आणि शेवटी ‘समस्त मित्रपरिवार’. माझ्या वाट्याला एकच काम आलं, चौकातला फ्लेक्स. त्याचा एकट्याचा चांगला फोटो कुणाकडे नव्हता. जो होता तो एका नाटकाच्या मांडवातला, त्यात माझा हात त्याच्या खांद्यावर. तो हात मला कापून काढावा लागला. बोटं शर्टच्या चौकड्यांवर होती, म्हणून एकेक चौकडा जोडत बसलो. त्याची आई शेजारी स्टुलावर, त्याच स्टुलावर, बसून होती. ती म्हणाली, “बापू, डोये पांढरे कर ना त्याचे.” केले. इतके पांढरे डोळे त्याचे मी जन्मात पाहिले नव्हते.

रात्री दोनला प्रिंट काढली, सकाळी लावली. सहाव्या दिवशी चौकातून जाताना वर पाहिलं. पाच फुटांच्या अक्षरांत: भावपूर्ण श्रध्दांजली.

काढला नाही. तेरवीपर्यंत तसाच राहू दिला. दुसरा छापून लावायला मला दहा मिनिटं लागली असती. का नाही लावला, ते मला अजून सांगता येत नाही.

संपादक महोदय, यात तुम्हाला मागणं काय, तर ते थोडं आहे. पुढच्या १९ जूनला किती जणांची तपासणी झाली हे जरूर छापा. तपासणी हवीच, वाहकाला आपण वाहक आहोत हे लग्नाआधी कळलंच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्यांची तपासणी होऊन एसएस निघालेलं आहे आणि जे आज रात्री कुठल्या तरी बाकावर बसलेले आहेत, त्यांना दुखणं थांबवणारं औषध किती मिनिटांत मिळालं, हेही आपल्या वार्ताहराला एकदा विचारायला सांगा. प्रत्येक कॅज्युअल्टीच्या भिंतीवर चार ओळींचा फलक लावता येईल: दुखतंय म्हणाला तर खरं माना, अर्ध्या तासात औषध द्या, ऑक्सिजन बघा, ताप किंवा छातीत दुखणं असेल तर घरी पाठवू नका. आमच्या तालुक्यात असे फलक मी फुकट छापून देईन, आयलेटसकट. मजकूर तयार आहे, बराचसा कार्डाच्या मागच्या बाजूला होता तोच. आणि कलम ३४ बद्दल कुणी जाणकाराने लेख लिहिला तर तो छापा. गुरुजींनी लिहायला घेतला होता, दीड पान झालं आहे, ते माझ्याकडे आहे.

आणि ज्यांचा एखादा मित्र एसएस आहे, त्यांनी मी गाडीवर विचारला तो प्रश्न विचारू नये.

माझं नाव छापू नये ही विनंती. गाव छोटं आहे, लोक बरोबर ओळखतील, पण निदान कागदावर नको. पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आपणच सुधारून घ्याव्यात, आता दुकानात तपासणारं कुणी नाही. वर ‘श्रद्धांजली’ हा शब्द आला आहे, तेवढा मात्र कंपोज करणाऱ्यांना नीट बघायला सांगा. मी तो दोन प्रकारे लिहिला आहे, आणि दोन्ही तसेच राहू द्यायचे आहेत.

आपला,
एक फ्लेक्सवाला
देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली